शेपटीचं वजन

मंगळवारी सकाळी माझा नवरा गेला. विमान जेवणाच्या टेबलावर होतं. पंख जोडलेले होते, बॅटरी काढून ठेवलेली होती.

रिमोटवर उडणारं, शिकाऊ माणसासाठी असतं तसलं ते फोमचं विमान. इस्लामपुरातल्या आमच्या घरात त्याने ते सवडीसवडीने जुळवलं होतं. उडवायचं मात्र त्याच्या वडिलांच्या, आबांच्या गावी, पूर्वेकडच्या माळावर, असं ठरलं होतं. आबांनी जन्मभर त्या माळावर मेंढरं राखली. आता डोळ्यांत काचबिंदू. "दिसतंय तवर दाव रं गड्या," असं ते त्याला फोनवर म्हणायचे.

तो गेल्यावर मला दुसरं काही सुचेना. आबांची नजर जायच्या आत ते एकदा उडायला हवं, एवढंच डोक्यात राहिलं.

पंखांखाली त्याने पेनाने दोन खुणा केल्या होत्या. त्या खुणांना बोटं टेकवून विमान उचलायचं. नाक किंचित झुकलं तर वजन जुळलं. शेपूट खाली गेली तर ते हवेत तोंड वर करून थांबतं आणि पडतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. दोघं असताना काम सोपं होतं. तो बोटांवर धरायचा, मी बॅटरी मागेपुढे सरकवायचे. आता माझे दोन्ही हात पंखांखाली अडकलेले, बॅटरी कोण सरकवणार? मी उचलायचे, शेपूट खाली जायची, मी ठेवून द्यायचे. पुन्हा उचलायचे. "थांब ना जरा," असं एकदा मोठ्याने म्हणाले. घरात कुणी नव्हतं.

शेवटी पुस्तकं काढली. सारख्या उंचीच्या दोन चळती रचल्या, प्रत्येकीत एक पेन्सिल उभी खोचली, खोडरबर वरच्या बाजूला. खुणा त्या रबरांवर टेकवल्या. बॅटरी पुढे ढकलली, नाकात शिशाचा तुकडा चिकटवला. नाक झुकलं. मी ते बराच वेळ तसंच राहू दिलं आणि समोर बसून राहिले.

रहिमतपूरहून त्याचा मित्र आला. उडवणं त्यालाच येत होतं. माळावर त्याने रिमोटची दांडी हलवून शेपटीच्या आणि पंखांच्या पट्ट्या बरोबर वळतात का ते पाहिलं.

"वजन?"

"जुळवलंय."

"मग झालं, वहिनी."

आम्ही दोघं वारा कुठून येतोय ते बघायला पुढे गेलो. आबा विमान मांडीवर घेऊन बसले, कोकरू घ्यावं तसे. आसपास मेंढरं चरत होती, त्यांच्या घंट्या वाजत होत्या.

मित्राने आबांकडून विमान घेतलं आणि नजर आभाळाकडे ठेवून हातातून सोडलं. ते चढलं.

"आगं, उडालं की!" आबा ओरडले. "लय भारी! बापाला न्हाई जमलं, पोरानं दावलं!"

ते चढतच गेलं. नाक आणखी वर, आणखी वर. मित्र दांडी पुढे रेटत "खाली ये, खाली ये" म्हणत होता. मग ते थांबलं आणि पडलं.

मटकीच्या रानात ते आम्हाला दिसेना. आबा म्हणाले, "गप ऱ्हावा. घंटी वाजतीय." त्यांच्या मागून आम्ही चाललो. विमानाचं नाक मातीत गेलं होतं, शेपूट वर होती. शेपटीला काळ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधलेली पितळी घंटी वाऱ्यावर हलत होती.

"आवं आबा, ही कधी बांधलीत?" मित्राने विचारलं.

"तुमी वारा बघत हुता तवा. म्होरक्या बकऱ्याची हाय. जनावर चुकलं तर आवाजानं घावतं. म्हटलं, ह्ये बी चुकू ने."

आबा माझ्याकडे वळले.

"जड झाली व्हय गं?"

"नाही आबा. वारा होता."

"खोटं नगं बोलू, पोरी. त्यो बी असंच बोलायचा."

आबांना आता दिसत नाही. घंटी त्यांच्या उशाशी असते. विमानाचे पंख माझ्या टेबलावर आहेत आणि त्यांच्या खाली पेनाच्या दोन खुणा आहेत.