मनगटावरची आखणी

आधीच सांगते, मी अ‍ॅनाटॉमी शिकवते. माणूस आतून कसा असतो हे बघण्यात माझी अख्खी नोकरी चाललीय आणि आत्मा ठेवायला जागा मला अजून कुठल्याच बॉडीत सापडलेली नाही. भूत, करणी, अंगात येणं... असलं कोणी सुरू केलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझीच चिडचिड होतेय. पण गप्प बसून जास्त होते, म्हणून लिहिते.

माहेर पेण, सासर रोह्याचं, अष्टमी गावातलं. नवरा कंपनीत शिफ्टला. कॉलेज जिल्ह्यातलंच, पण नाव सांगणार नाही. मला नोकरी करायची आहे.

शाळेत असताना सुट्टीत मी पेणजवळ जोह्याला दामूकाकांच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती रंगवायला जायचे. पितांबर, शेला, दागिने आम्ही पोरी रंगवायचो. आखणी मात्र फक्त काका करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पेणकरांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आखणीला बसले की रेडिओ बंद, बोलणं बंद. सगळे कारागीर वरच्या पापणीपासून सुरुवात करतात. काका खालच्या पापणीपासून करायचे, उलटे. आणि शेवटी बाहेरच्या कोपऱ्यातून कानाकडे वर जाणारी एक बारीक शेपटी ओढायचे. त्या शेपटीवरून लोक दुकानात त्यांची मूर्ती ओळखायचे.

पुढे मी डॉक्टर झाले, अ‍ॅनाटॉमी घेतली. (घरचे म्हणाले, ना पेशंट, ना दवाखाना, ही कसली डॉक्टर!) संशोधनाला विषय घेतला मूर्तिकारांचे हात. जन्मभर कुंचला धरून अंगठ्याच्या बुडाशी जे स्नायू असतात त्यांच्यात काय फरक पडतो, हे मला बघायचं होतं. काकांच्या हाताची सोनोग्राफी करताना मी सहज बोलून गेले की खरं काय ते आत बघितल्याशिवाय कळणार नाही.

काका हसले. "मंग मेल्यावर उघडून बघ गो. तवा मला काय दुखनार हाय?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी खरंच देहदानाचा फॉर्म भरला. काकू तयार नव्हत्या. शेवटी त्या मलाच म्हणाल्या, "शिकवा, बघा, काय ते करा. पन काम झाल्यावर समदं एकत्र जाळायचं. ह्यांचं एक बोट पन बरनीत ऱ्हाता कामा नये. तू सांग तसा, तरच मी सही करतंय."

मी शब्द दिला. डिपार्टमेंटच्या हेडना, म्हणजे सरांना, त्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, अगदी."

काका गेले, बॉडी आमच्याकडे आली. मुलांचं शिकणं झालं. उजवा हात मी माझ्या कामासाठी ठेवला होता, तोही अंगठ्याच्या बुडाशी सावकाश उघडून बघितला, मनगटाची कातडी तशीच ठेवून. तुम्हाला कंटाळा येईल म्हणून सविस्तर सांगत नाही, पण जे सापडलं ते बघून मी टेबलापाशी एकटीच हसत उभी होते. इतकी वर्षं शोधत होते ते समोर होतं.

आणि इथे सर जागे झाले.

"मॅडम, असा स्पेसिमेन परत मिळणार नाही. हात मनगटातून काढू, म्युझियमला लावू. इन्स्पेक्शन येतंय. आणि रिसर्च पेपरमध्ये माझं नाव पहिलं, तुमचं दुसरं."

"सर, घरच्यांना शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. डिपार्टमेंटने नाही. आणि त्या बाईला कळणार कसं? कापडात गुंडाळलेलं कोण सोडून बघतं?"

हे वाक्य लिहितानाही माझे कान तापलेत. पेपर घ्या हो, घ्या पहिलं नाव! या लाईनमध्ये आम्हाला त्याची सवय आहे. पण ज्या माणसाने स्वतःचं शरीर तुमच्या स्वाधीन केलं, त्याच्या बायकोला फसवायचं? मी डीनकडे गेले. ते म्हणाले, जरा अ‍ॅडजस्ट करा. सरांनी बोलावून सांगितलं, तुमच्या प्रमोशनची फाइल माझ्याच टेबलावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर हॉलमध्ये आले. लख्ख ऊन, सगळ्या खिडक्या उघड्या, टेबलाभोवती मुलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, हे करू नका." ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला बघवत नसेल तर बाहेर थांबा."

मी हलले नाही.

कुठे कापायचं त्याची खूण करायला त्यांनी जांभळा मार्कर घेतला. मनगटाभोवती एक साधी आडवी रेघ, बस. इथे एक सांगायला हवं. सरांना चित्रकला बिलकुल येत नाही. फळ्यावर हृदय काढलं तर बटाटा दिसतो. त्यांच्या आकृत्या आम्ही ज्युनियर लोकच काढून देतो, सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

त्यांनी मार्कर टेकवला. खालून वळण घेतलं. मग वरून. मग मधे बुबुळ... आणि कोपऱ्यातून वर जाणारी एक बारीक शेपटी.

डोळा. काकांच्या मनगटावर, काकांच्या हातचा डोळा.

सरांनी आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्पिरिटने पुसलं. परत टेकवला. परत तेच, खालच्या पापणीपासून. हात जराही थरथरत नव्हता, चेहरा मात्र घामाने भिजला होता.  हमरापूरकडची, मूर्तिकारांच्या घरातली एक मुलगी माझ्याशेजारी होती, ती पुटपुटली, "मॅडम, ही तर आखणी हाय."

सरांनी पुसलं आणि तिसऱ्यांदा काढलं. शेपटी ओढून झाल्यावर मार्कर बोटांतून सुटला. ते तसेच निघून गेले. त्या हाताला नंतर कोणी सुरी लावली नाही.

आता शहाणे लोक विचारतील, म्हणून मीच विचारते. सरांनी कुठे गणपती बघितला असेल? बघितला असेलच, पण ते आमच्या भागातले नाहीत आणि बघून हात येत असता तर निम्मा महाराष्ट्र मूर्तिकार झाला असता. मी काही केलं? मी टेबलाच्या पलीकडे होते. सर म्हणतात, उकाड्याने चक्कर आली. चक्कर येऊन कोणाला एवढी सुबक रेघ येते?

मला भीती नाही वाटली. संताप आला. डीन, हेड, स्टाफ, आम्ही एवढे जिवंत लोक असताना मेलेल्या माणसाला स्वतःचा हात स्वतः सांभाळावा लागला. लाज वाटायला पाहिजे सगळ्यांना!

पुढे पेणच्या स्मशानात सगळं एकत्र दिलं. मी स्वतः बांधून नेलं होतं. सर तिथेही आले, शाल घेऊन. चार माणसांत काकूंच्या खांद्यावर घातली आणि मोठ्याने म्हणाले, "आजी, तुमच्या इच्छेचा मान राखायचा, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं."

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण काकूंसमोर तमाशा नको म्हणून गिळलं. हॉलमधलं मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं, मी नंतर एकेकाला विचारून खात्री केली.

काकूंनी शाल काढली, घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिली.

"तुमी काय राखलाव?" त्या म्हणाल्या. "त्यांनी राखून घेतलान. तीन येळा सांगायला लागला त्यांना."

  सर शाल काखेत मारून, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत फाटकाकडे निघाले.