अकराच्या मीटिंगआधी

स्क्रीनवर जनूभाऊंचा चेहरा गुलाबी धुक्यात तरंगत होता. डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात, काही कळत नव्हतं. मिशी तेवढी दिसत होती, म्हणजे तेच असणार.

"सुधाकर, मी असाच दिसतो का रं?" त्यांनी काळजीने विचारलं.

"नाही हो. कॅमेऱ्यावर काहीतरी बसलंय."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. अकरा वाजता जनूभाऊंची ऑनलाइन साक्ष होती आणि ती व्यवस्थित पार पडावी म्हणून मी भिसेगावहून खालापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी आलो होतो. मोहोपाड्याजवळच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघांनी उभी हयात काढली. ते ऑपरेटर, म्हणजे प्लांट चालवणारे. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, म्हणजे प्लांटचे डोळे-कान सांभाळणारा. टाकीत किती भरलंय, पाइप किती तापलाय, हे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला ज्या काट्यांनी आणि दिव्यांनी कळतं, ते माझ्या ताब्यात. आता दोघेही निवृत्त. लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत माझा वेळ बरा जातो.

लॅपटॉप त्यांच्या सुनेचा, मनीषाचा होता. ती घरी बसून एका हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करते. मी स्क्रीनच्या वरच्या कडेला बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"कुंकू?" मी विचारलं.

"मीच लावलं खंडेनवमीला," जनूभाऊ म्हणाले. "कंपनीत पॅनलला नाय का लावायचो आपण? वर, मदोमद. कपाळ तितंच असतं ना?"

मनीषा हसून कोलमडायची बाकी राहिली. "काका, माझा कॅमेरा कायम बंदच असतो. मला कसं कळणार?"

लॅपटॉपला कपाळ असतं आणि नेमक्या तिथेच त्याचा डोळा असतो, हे मलाही त्या दिवशीच सुचलं. तसे आम्ही सगळे एकाच पंथातले. दरवर्षी खंडेनवमीला पाने-पकडी, मीटर, पॅनल, सगळ्यांना हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि मग वर्षभर त्यांच्यावर हक्काने ओरडायचं. मी चष्म्याचं फडकं ओलं करून हळूहळू पुसत राहिलो. धुकं विरळ झालं आणि त्यातून आधी खुर्ची आली, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग जनूभाऊ. ऑपरेशन झालेला गुडघा स्टुलावर लांब करून बसलेले. त्यांच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत कापणीला आलेला भात. त्या शेतावर सकाळचं खरं धुकं अजून रेंगाळत होतं. त्याच्या वर माथेरानचा डोंगर, पाय नसल्यासारखा, नुसताच अधांतरी. मी बराच वेळ तसाच बघत राहिलो. बाहेरचं आणि स्क्रीनवरचं, दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं होतं.

"खिडकीकडे पाठ नको," शेवटी मी म्हणालो. "मागून उजेड आला की माणूस काळा दिसतो." खुर्ची फिरवली. जनूभाऊ उजळले.

कंपनीच्या चौकशीतली ही साक्ष नीलेशसाठी होती. नीलेश म्हणजे जनूभाऊंच्या हाताखाली तयार झालेला ऑपरेटर. चार महिने सस्पेंड होता. पहिल्या पाळीत, भर सकाळी, त्याची टाकी भरून वाहिली. सगळं टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात अडलं, कोणाला इजा झाली नाही. पण टाकी काठोकाठ यायच्या आधी कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजायला हवा, दिवा लागायला हवा. नीलेश म्हणाला, वाजलाच नाही. साहेब म्हणाले, वाजला, तू मोबाइलमध्ये होतास. त्यांनी कंट्रोल रूममधल्या पॅनलवरचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं. भोंगा ठणठणीत वाजला. झालं, पोरगा खोटा ठरला. चौकशी त्याच्या विरुद्ध गेली असती तर नोकरी कायमची गेली असती, आणि असा शेरा घेऊन आलेल्या माणसाला आसपासची दुसरी कंपनी दारात उभं करत नाही.

त्याच्या बाजूने बोलणारे एकटे जनूभाऊ. ती टाकी त्यांच्या काळातही एकदा अशीच गुपचूप भरली होती.

आता मायक्रोफोन. सोपी युक्ती सांगतो. बहुतेक ॲपमध्ये चाचणीची सोय असते. आपण चार वाक्यं बोलायची, ते रेकॉर्ड करतं आणि लगेच आपल्यालाच ऐकवतं. आवाज घुमतोय का, पंखा जास्त ऐकू येतोय का, सगळं कळतं.

"बोला काहीही," मी म्हणालो.

"काहीही कशाला? साक्षच बोलतो, तेवडाच सराव," म्हणत जनूभाऊ ताठ बसले. बोलले. थांबले. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग लॅपटॉपमधून त्यांचाच आवाज आला, जरासा दुरून, विहिरीवरून कोणी बोलावं तसा.

"मी जनार्दन ठोंबरे. आमच्या टायमाला बी तो भोंगा वाजला नव्हता. मी तक्रार केली व्हती. इन्स्ट्रुमेंटचा मानूस आला, त्यानं चेक करून ओके लिवलं. मानूस कोन, ते आता आठवत नाय."

समोर बसून ते बोलले तेव्हा मी स्क्रीनवर आवाजाची पट्टी वरखाली होताना बघत होतो. शब्द कानावरून गेले. तेच शब्द परत आले तेव्हा मात्र मला ऐकू आले.

तो माणूस मी होतो. आणि जनूभाऊंना ते पक्कं आठवत होतं, कारण मी ओके लिहिलं तेव्हा ते शेजारच्याच खुर्चीवर चहा पीत होते.

आमच्या कामात लूप चेक नावाची गोष्ट असते. एक माणूस टाकीवर चढतो आणि आतला तरंगता गोळा, टाकी भरत आली की वर येऊन भोंगा वाजवणारा, हाताने वर उचलतो. दुसरा पॅनलसमोर बसून भोंगा वाजतो का बघतो. वॉकीटॉकीवर विचारायचं, "आलं का?" समोरच्याने "आलं" म्हटल्याशिवाय सही करायची नाही. टाकीपासून पॅनलपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, हे कळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. त्या दिवशी कंपनीची बस सुटायला पंधरा मिनिटं होती. टाकी तीस फूट उंच. मी टेस्टचं बटण दाबलं, भोंगा वाजला, चेकच्या शीटवर ओके लिहून सही केली, बस पकडली. त्या बटणाने फक्त भोंगा आणि दिवा तपासला जातो. गोळा वर येतो की जागीच अडकून बसलाय, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. पुढच्यांनीही तेच केलं. माझं शीट समोर ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं आपापली शीटं भरली. माझं ते जुनं शीट मात्र एव्हाना रद्दीत गेलेलं.

हे सगळं आठवायला मला किती वेळ लागला असेल? मिनिटभर. पण त्या मिनिटात मी कुठल्या कुठे जाऊन आलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझाही अर्धा चेहरा दिसत होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"आवाज बरा आला का रं?" जनूभाऊंनी विचारलं.

"स्पष्ट आला," मी म्हणालो.

मला लाज वाटली. भीतीही वाटली. मी पंखा बंद केला. मनीषाला चार्जर लावायला सांगितलं. तिला खालच्या खोलीत पाठवून मोबाइलवरून जोडायला लावलं आणि तिच्याकडून "दिसतंय काका, ऐकू पण येतंय" असं वदवून घेतलं. दोन टोकांना दोन माणसं. त्या दिवशी माझ्याइतकं चोख काम रायगड जिल्ह्यात कोणी केलं नसेल. चहा झाला, भाकरी झाली. शेतावरचं धुकं उठलं आणि डोंगराला पाय आले.

अकरा वाजता चौकशी अधिकारी पडद्यावर आले. मुंबईचे वकील, शांत माणूस. दुसऱ्या चौकटीत कंपनीची खोली आणि टेबलाच्या टोकाला नीलेश. फार वाळला होता.

जनूभाऊ ठरवल्याप्रमाणे बोलले.

"चेक कोणी केलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आठवत नाय सायब."

"नीट आठवा."

"आता वय झालं. नाय आठवत."

"मग ठोंबरे, तक्रार केली होती हे तरी कसं आठवतं?"

जनूभाऊ उजव्या हाताने गुडघा चोळत राहिले. नीलेशने मान खाली घातली. इतका स्वच्छ दिसत होता तो, की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा मला दिसलं.

मी माझी खुर्ची कॅमेऱ्यासमोर सरकवली. "साहेब, ते चेक मी केलं होतं," मी म्हणालो. "म्हणजे केलं नव्हतं. टाकीवर चढलोच नाही. टेस्टचं बटण दाबून सही केली. त्या बटणाने टाकीतला गोळा तपासला जात नाही. आता कोणाला तरी वर पाठवा आणि गोळा हाताने उचलायला सांगा."

पडद्यावरच्या चौकटी जागच्या जागी थिजल्या. मला वाटलं नेट गेलं.

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी दोनदा लिहून घेतलं.

दुपारी माणूस वर चढला. गोळा गंजून जागीच अडकलेला. ओढून वर उचलला तरी कंट्रोल रूम शांत. आतली तारही केव्हाची कुजून गेलेली. पंधरा दिवसांत नीलेश कामावर हजर झाला. माझ्याकडून दोन पानी जबाब लिहून घेतला. निवृत्त माणसाला आणखी काय करणार? नीलेश घरी येऊन पाया पडला, तेव्हा मला पाय कुठे ठेवावेत कळेना.

पण चौकशीच्या अहवालात आणखी एक ओळ आली. साक्षीदार ठोंबरे यांनी माहिती असूनही ती लपवली. चाळीस वर्षांच्या नोकरीत जनूभाऊंना साधा मेमो मिळाला नव्हता.

ती ओळ मीच त्यांना वाचून दाखवली. ते ओटीवर बसून ऐकत होते. पुन्हा एकदा वाचायला लावली. मग कापलेल्या शेताकडे तोंड फिरवलं.

"तुजं नाव येऊ नये म्हनून बोललो रं मी," ते म्हणाले. "तू सांगनारच व्हतास, तर त्या दीड तासात मला सांगायचंस. मी बी खरंच बोललो असतो."

मीटिंगच्या आधी काय काय तपासावं, असं लोक मला विचारतात. मी त्यांना कॅमेरा सांगतो, माइक सांगतो, मागची खिडकी सांगतो. आणि शेजारी बसलेल्या माणसाशी काही बोलायचं राहिलं असेल, तर ते आधी बोलून घ्या म्हणतो.