मुग्धाचं रिमोट काम

किस्से शोधायला जावं लागत नाही. घरात एक माणूस लॅपटॉप उघडून बसला की ते आपोआप साचतात. आमच्या देवासच्या घरी माझी नात मुग्धा फ्रीलान्स डिझायनर आहे. तिच्या बाबांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत नियमित काम मिळव, नाहीतर बेंगळुरूची नोकरी धर." तिला जायचं नव्हतं. तिने जाऊ नये असं मलाही वाटायचं. पण ते तिच्या हिताचं की माझ्या सोयीचं, हे काही मला ठरवता येईना. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून माणसाला ठरवता येतंच असं नाही.

*

क्लायंट मिळवायच्या वेबसाइटवर तिला स्वतःची ओळख लिहायची होती. म्हटलं, मी देतो लिहून. पुष्कळ खाडाखोड करून लिहिलं, 'माझा अनुभव अल्प असला, तरी चुका फार होणार नाहीत अशी आशा आहे.'

मुग्धाने वाचलं. "आजोबा, ही ओळख आहे की माफीनामा?"

*

शेजारच्या बापूसाहेबांनी विचारलं, "मुलगी घरी बसून करते काय?"

मी गडबडलो. "रिमोट काम."

दुसऱ्या दिवशी ते टीव्हीचा रिमोट घेऊन हजर. सेल उलटे बसवले होते, ते मुग्धाने सरळ केले. बापूसाहेब इतके खूश झाले, की बदनावर गावातल्या त्यांच्या ओळखीच्या धान्यव्यापाऱ्याला त्यांनी फोन केला, "पोरीच्या हाताला गुण आहे." पहिला क्लायंट मिळाला तो असा.

त्या सेठजींना दुकानासाठी लोगो हवा होता. मुग्धाने सोयाबीनचा एकच सुबक दाणा काढला. सेठजींनी चष्मा लावून तो पाहिला.

"बेटा, अच्छा है. पर एक दाना? हमारे यहाँ तो बोरे आते हैं."

तिने दाण्यामागे पोतं काढलं. "अब दुकान लगी," सेठजी म्हणाले.

*

एकदा आम्ही धारला माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेलो होतो. तिथूनच मुग्धाचा कॅनडातल्या क्लायंटशी व्हिडिओ कॉल चालला होता. आक्का मागून स्क्रीनमध्ये डोकावली. "जेवला का तो, विचार."

ह्या कोण, असं त्याने विचारलं. मुग्धा गोंधळली आणि म्हणाली, "माय मॅनेजर."

तेव्हापासून कुठलीही दुरुस्ती सांगताना तो आधी लिहितो, 'मॅनेजरना चालेल का?' आक्काला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला म्हणावं, एकादशीला काम मिळणार नाही."

*

पण ही सगळी सुटी सुटी कामं. दिवाळी जवळ आली. पुण्याच्या एका प्रकाशकांना पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी कायमचा डिझायनर हवा होता. अट एकच, पत्रव्यवहार मराठीत. मुग्धाची शाळा हिंदी. म्हटलं, मी तपासतो. "नको आजोबा, तुम्ही पुन्हा माफी मागाल," असं म्हणून तिने मेल धाडून दिला आणि मग मला दाखवला.

'आपल्या पुस्तकांसाठी मी मनापासून चेष्टा करीन. एकदा संधी द्यावी.'

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण मेल गेला होता पुण्याला. मुग्धाला सांगायचा धीर होईना. शब्दकोश काढला, की जुन्या मराठीत तरी काही आधार सापडेल. खुलाशाचे मसुदे केले. प्रत्येक मसुदा आधीच्याहून जास्त संशयास्पद वाटे.

संध्याकाळी उत्तर आलं. मुग्धा अडखळत मोठ्याने वाचू लागली.

'आमच्या पुस्तकांची चेष्टा आजवर समीक्षक करत आले, तीही न वाचता. मनापासून करू म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. देवासहूनच करा. सोमवारी पहिलं हस्तलिखित पाठवतो.'

तिने लॅपटॉप मिटला आणि बाबांना हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा आजोबा, उगाच टेन्शन घेत होता तुम्ही. चेष्टा केली की काम मिळतंच."