आमच्या आधार गटाची पहिली बैठक

मी स्वभावानं दुसऱ्याला धीर देणारा माणूस आहे, आणि त्यामुळे लोक मला टाळत.

घाटंजीत माझं शिवणकामाचं दुकान होतं. कापसाची ती वाईट वर्षं. एक साल बोंडं सडायची, एक साल भाव. लोकांनी नवे कपडे शिवणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. माझ्याकडे यायचे ते शर्टाची झिजलेली कॉलर उलटून घ्यायला. मशीन रिकामं, तोंड मोकळं! मग कॉलर उलटेपर्यंत मी गिऱ्हाइकाला धीर द्यायचो. "होईल सगळं ठीक. देवावर भरवसा ठेवा. आता माझंच पाहा..." इथपर्यंत आलो की गिऱ्हाईक उठायचं. "मास्तर, उद्या येतो नं बाप्पा!" आणि शर्ट माझ्याकडेच टाकून उघड्या अंगानं रस्त्याला लागायचं. (हे थोडं वाढवून सांगतोय. बनियन असायचं.)

त्या दिवसांत कोणत्या ना कोणत्या गावात कोणीतरी फवारणीचं औषध प्यायल्याची बातमी यायचीच. मातीला जाऊन जाऊन आमच्या चर्चचे पाळक खंगले होते. एका रविवारी उपासना संपल्यावर ते म्हणाले, "माणूस गेला की आपण लगेच जमतो. जे मागं राहतात त्यांच्यासाठी कधी जमायचं?" त्यांना घरोघरी छोटे आधार गट सुरू करायचे होते. मोजकी माणसं, आठवड्यातून एकदा. ज्याला जे सोसवत नाही, ते त्यानं बोलावं.

"पहिला गट कोण चालवतं?"

मी उठलो. मागच्या बाकावरून कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं. ती प्रार्थना नव्हती.

पाळकांनी मला समोर बसवून शिकवलं. "मनोहरभाऊ, पुढाऱ्यानं बोलायचं नाही. ऐकायचं."

"बरं. म्हणजे साधारण किती बोलायचं?"

"अजिबात नाही."

"उपदेश?"

"तो तर नाहीच."

"मग एखादं लहानसं उदाहरण?"

पाळकांनी डोळे मिटले. बहुधा माझ्यासाठीच प्रार्थना केली असावी.

घरी येऊन बायकोला, रूथला, हे सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "तुमी अन् आयकून घेनार? अवो, लगन झालं तवापासून माहं एक वाक्य पुरं व्हाचं राह्यलं हाय!"

बैठक ठरली रविवारी दुपारी, आमच्या मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली. अंगणाच्या कोपऱ्यात आमचा संडास. त्याला टिनाचं दार आणि दाराला बाहेरूनही कडी. कारण शेजाऱ्यांची बकरी आत जाऊन बसायची. ही कडी लावणं हे माझ्या सासूबाईंनी आयुष्याचं कार्य मानलं होतं. दार नुसतं लोटलेलं दिसलं की त्या कडी लावायच्या. आत कोण आहे हे विचारायच्या नाहीत, कारण उत्तर ऐकू यायचं नाही.

बोलायचं नाही असं बजावलेलं असूनही मी मनातल्या मनात एक छोटंसं भाषण तयार केलं होतं. त्या भाषणानं की उन्हानं, ऐन वेळी मला संडास गाठावा लागला. दार लोटून मी आत बसलो. बाहेर सासूबाईंची पावलं वाजली आणि कडी खट्कन बसली!

"आई! अवो आई!"

पावलं निघून गेली, आणि तेवढ्यात मंडळी आली. "जय ख्रिस्त, रूथबाई!" आता चार बायामाणसांसमोर पुढाऱ्यानं संडासाचं दार आतून बडवायचं? मी विचार केला, शोधायला येईलच रूथ.

रूथ म्हणाली, "थे पाळकसाहेबाले आनाले गेले असन. बसा तुमी."

पाळक एकटेच आले. "मनोहरभाऊ कुठं आहेत?"

"तुमालेच आनाले गेले नं!"

"येतील मग. तोवर आपण शांत बसून सुरुवात करू."

झालं! सगळे माना खाली घालून शांत बसले. मीही बसलो. (मला पर्याय नव्हता.)

आमच्या कुंपणापलीकडे रहीमभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांनी सहज अंगणात डोकावलं. रूथ डोक्यावर पदर घेऊन खाली बघतेय, पाळक पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसलेत, बाया मुक्या आणि कोपऱ्यात सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा. (त्या कांदे चिरत होत्या.) आणि मी कुठंच नाही! त्या वर्षांत अशा दृश्याचा एकच अर्थ व्हायचा.

"भाभी," रहीमभाईंचा आवाज फुटला, "मनोहरभाई...?"

शांतता मोडू नये म्हणून रूथनं नुसती नकारार्थी मान हलवली. तिला म्हणायचं होतं, घरी नाहीत.

रहीमभाईंनी दुकान बंद केलं आणि गल्लीत सांगितलं. बघता बघता अख्खी गल्ली चपला काढून आमच्या अंगणात आली आणि न बोलता खाली बसली. पाळकांनी डोळे किलकिले केले. पहिल्याच बैठकीला एवढी गर्दी! त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ते देवाचे आभार मानत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

माझ्या दाराला टेकून दोघं कुजबुजत होते.

"मानूस बरा होता."

"होता. पन बोले लय."

"आता शांत झाला बिचारा."

"औषधच पेला असन नं?"

"दुसरं काय असन!"

तेव्हा मला कळलं की मी मेलो आहे! आणि छातीत धस्स झालं ते त्यानं नाही. ते झालं यानं, की त्या दोघांना नवल वाटलं नव्हतं. मास्तर गेला, बस. 'काहून गेला' हे कोणी विचारतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नवल वाटलं नाही. दिवस दिवस रिकाम्या मशीनसमोर बसून तो विचार माझ्याही मनाला एक-दोनदा शिवून गेला होता. लोकांना एवढा धीर द्यायचो, तो बहुधा स्वतःचाच आवाज ऐकू यावा म्हणून.

मी दार बडवायला हात उचलला, आणि कमलबाईंचा आवाज आला.

कमलबाईंचे मालक आदल्या हंगामात गेले होते. त्या उपासनेला मागच्या बाकावर बसायच्या, आणि आज बैठकीला नाही, गल्लीबरोबर मागाहून आल्या होत्या. नवऱ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला कोणी ऐकला नव्हता. आता त्या रूथला सांगत होत्या.

"रूथबाई, आता जो तो तुले म्हनन, धीर धर. नोको धरू. रड. मी नाई रडली, म्हनून सांगून राह्यली. थे गेले त्या सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं. थे बोलले. मी म्हटलं, नसन खायाचं तं नोका खाऊ. तेच आमचं आखरीचं बोलनं. कोनालेच सांगतलं नाई मी हे. तवापासून भाजीत मीठच टाकत नाई मी."

माझा हात वरच राहिला. माझ्याजवळ धीराची वाक्यं ठासून भरली होती. त्यांतलं एकही मिठावर लागू पडत नव्हतं.

मग रहीमभाई बोलले. "माझा भाऊ त्या दिवशी दुकानात येऊन बसला. मी पंक्चर काढून राह्यलो होतो. चहा पिला, गेला. मी मान वर करून पाह्यलं बी नाही, भाभी. एक बार देख लेता!"

मग आणखी एकजण बोलला. मग आणखी एक. टिन तापलं होतं, माशा घोंगावत होत्या, आणि मी तोंडात रुमाल कोंबून घळाघळा रडत होतो. दार बडवलं असतं तर बोलणारा थांबला असता. नाही बडवलं.

शेवटी बावचळलेली रूथ म्हणाली, "पन कमलबाई, माहा नवरा तं..."

तेवढ्यात सासूबाईंना संडासाची गरज लागली. त्यांनी कडी काढली, दार उघडलं, आणि सगळ्या गल्लीसमोर मी उभा! घामानं आणि आसवांनी निथळत, तोंडात रुमाल.

"या अल्ला!" रहीमभाई ओरडले. दोन बाया कुंपणाकडे पळाल्या.

"अवं, भेऊ नोका!" सासूबाईंनी गर्दीला समजावलं. "बकरी नाई, जावाई हाय!"

कमलबाई तरातरा आल्या आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारू लागल्या. "जित्ता हाय! जित्ता हाय मेला! कायले भेवाडता आमाले?" आणि मग त्या रडल्या. पहिल्यांदा, मोठ्यानं. रूथनं त्यांना जवळ घेतलं. कोणी हसलं, कोणी डोळे पुसले, पण उठून घरी कोणीच गेलं नाही. चहा झाला. मी मनातलं ते छोटं भाषण करायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "लोक काही अगदीच चुकले नाहीत. मलाही कधी कधी वाटतं, नको हे सगळं." रूथचा चहा ओतणारा हात थांबला. ती किटली खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली.

गटामुळे कापसाला भाव आला नाही. कॉलरी उलटतच राहिल्या. त्यानंतरही आम्हाला मातींना जावं लागलं. पण दर रविवारी दुपारी अंगण भरायचं, आणि कमलबाई पुढच्या रांगेत बसायच्या.

पाळकांनी उपासनेत जाहीर केलं की मनोहरभाऊंनी पहिल्या बैठकीत सगळ्यांचं ऐकलं आणि ते मधे एक शब्दही बोलले नाहीत. (खोटं नव्हतं!) ही कीर्ती पार मारेगावपर्यंत गेली. तिकडच्या चर्चमधली माणसं गट कसा चालवायचा ते शिकायला आमच्याकडे आली. त्यांतले एक गृहस्थ फार आदरानं म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखं गुपचूप आयकनं आमच्यानं होत नाई. एवढं सांगा, पुढाऱ्यानं बसावं कुठीसा?"

"जिथं हवा खेळती असेल तिथं," मी म्हणालो, आणि त्यापुढं एक शब्दही बोललो नाही.