गळ्याशी लावलेला बॅज

चंद्रभागा सिस्टरांची नोकरी एकवीस वर्षांची, त्यातली बारा वर्षं कॅथलॅबमध्ये. गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात हृदयाच्या नसांत नळी घालून तपासणी करायची ही खोली. काम चालू असताना एक्स-रेही चालू राहतो, म्हणून आत जाणाऱ्याने शिशाचा जड एप्रन घालायचा आणि एप्रनच्या आत, छातीवर, स्वतःच्या नावाचा बॅज लावायचा. अंगाला किती किरणं लागली ते त्या बॅजवरून कळतं. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातात आणि नवे येतात. बारा वर्षांत चंद्रभागांचा आकडा कधी कुणाच्या नजरेत भरला नव्हता.

या वेळी भरला. किरणांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या ज्ञानेश सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून रिपोर्ट पुढे सरकवला. आकडा बाकीच्यांच्या वीसपट होता.

"सिस्टर, बॅज कधी आत विसरला होतात का?"

"नाही."

"एप्रनला लावून एप्रन मशीनजवळ टांगलात असं काही?"

"सर, बारा वर्षं झाली. बॅज कुठे लावायचा ते मला झोपेतही चुकायचं नाही."

ज्ञानेश सरांचा विश्वास बसला नव्हता. चौकशी होईपर्यंत चंद्रभागांना वॉर्डात पाठवलं. रक्ततपासणी झाली, ती चांगली आली. त्या चांगल्या रिपोर्टानं मात्र उलटंच केलं. बाईंनी वॉर्डात हलकं काम मिळावं म्हणून मुद्दाम बॅज मशीनजवळ ठेवला असेल, अशी कुजबुज सुरू झाली.

मखमलाबादला घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सावळीराम झेंडूची फुलं क्रेटमध्ये भरत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "तुझा बॅज दुसऱ्या कुणाच्या हाती जातो का, ते बघ आधी."

हे वाक्य त्यांच्या डोक्यात रुतून बसलं. बॅज टांगायचा हुकांचा फळा कॅथलॅबच्या बाहेरच्या कपाटात, आणि रोज सकाळी ते कपाट उघडायची किल्ली टेक्निशियन कुंदनकडे. कुंदनशी त्यांचं दिवाळीपासून जमत नव्हतं. ड्यूटीच्या यादीवरून खटका उडाला होता. आता त्याचं प्रत्येक वागणं त्यांना खटकायला लागलं. त्या दिसल्या की तो फोन खिशात घालतो. चहाला विचारतो, पण डोळ्यांत बघत नाही. एकदा त्या फळ्याजवळ गेल्या तेव्हा त्यानं कपाट घाईनं बंद केल्यासारखं वाटलं. त्यांनी ते परत उघडलं, तर त्यांच्या नावाचा नवा बॅज अजून आत लटकत होता. त्यांनी तो हातात घेऊन निरखला. वरच्या कडेला पांढरट काहीतरी लागलं होतं. बोटानं पुसलं तर पावडरचा वास आला. चंद्रभागांनी आयुष्यात कधी पावडर लावली नव्हती.

एवढं झाल्यावरही त्यांचा संशय कुंदनवरच राहिला. बायकोची पावडर लावत असेल, असंही मनात येऊन गेलं.

गुरुवार त्यांच्या सुट्टीचा. दुपारी डबा विसरल्याचं निमित्त करून त्या थेट फळ्यापाशी गेल्या. त्यांचा हूक रिकामा होता. कुंदन बाहेरच्या बाकावर बसला होता.

"माझा बॅज कुठे आहे?"

"मला काय माहीत, सिस्टर?"

"किल्ली तुझ्याकडे, आणि माहीत नाही म्हणतोस? माझ्या नावावर किरणं चढवून मला इथून घालवायचं होतं ना तुला?"

पेशंटचे नातेवाईक वळून बघायला लागले. कुंदन उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. तेवढ्यात कॅथलॅबचं दार उघडून दिशा बाहेर आली. काही महिन्यांपूर्वीच रुजू झालेली नर्स, मालेगावची. एप्रनच्या बाहेरून, अगदी पावडर लावलेल्या गळ्याशी, तिनं चंद्रभागांचा बॅज लावला होता.

तिला कळायला वेळ लागला नाही. ती रडायलाच लागली.

"माझा अजून आला नाय, सिस्टर. आपल्या इनचार्ज शुभांगी मॅडम म्हणाल्या, तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुमचा लाव. मागे तुम्ही पंधरा दिवस लग्नाला गेलात तेव्हापण तुमचाच जुना लावला."

"आणि हा बाहेर कशाला?"

"तपासणीला कुणी आलं तर दिसायला पाहिजे म्हणाल्या."

चंद्रभागांनी तो बॅज हातात घेतला. या पोरीचं नाव सांगितलं तर तिची नोकरी जाईल, हे त्यांना दिसत होतं. गप्प राहिलं तर आपल्याच नावावर डाग राहील, आणि ही पोरगी तिच्या नावाचं कसलंही मोजमाप नसताना रोज आत जात राहील. त्या तिला घेऊन ज्ञानेश सरांकडे गेल्या.

"सर, आकडा खरा आहे, पण सगळा माझा नाही. एप्रनच्या बाहेर जेवढी किरणं येतात, तेवढी यात मोजली गेलीत. आणि ही पोर बॅजशिवाय आत कुणाच्या परवानगीनं गेली, ते तिला नका विचारू, शुभांगी मॅडमना विचारा."

ज्ञानेश सरांनी दोघींचे जबाब लिहून घेतले आणि वर पाठवले. तिचा बॅज येईपर्यंत दिशाला वॉर्डात ठेवलं. नोकरी मात्र गेली नाही. शुभांगी मॅडमना काय विचारलं, ते कुणाला कळलं नाही.

महिन्याभरानं चंद्रभागा कॅथलॅबमध्ये परतल्या. पहिल्याच दिवशी त्या कुंदनजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं."

त्यानं मान हलवली आणि मशीनकडे वळला. कामापुरतं तो बोलतो. चहाला विचारत नाही.