सतरा नंबरचा कॅन

सतरा नंबरच्या कॅनचं झाकण उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. दूध पुन्हा फुटलेलं. लागोपाठ दुसरा दिवस.

सेलू तालुक्यातल्या दूध शीतकरण केंद्रात मी तेव्हा केमिस्ट होतो. गावोगावचं दूध सायकलीवर यायचं, आम्ही तपासून थंड करायचो. तीनदा खराब दूध आलं की नाव कट. सतरा नंबर दिगंबरमामांचा. त्यांचं घर एका म्हशीवर चालायचं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "काहीतरी मिसळतोय. उद्या फुटलं की कट करा."

मला पटेना. दूध नासलं की आंबतं. मी अ‍ॅसिडिटी मोजली, म्हणजे आंबटपणा. नॉर्मल. लॅक्टोमीटर पाण्याची भेसळ पकडतो, तीही नव्हती. आंबट न होता दही? डोकंच चालेना.

तिसऱ्या दिवशी मामा सायकलवर रिकामा कॅन आणि मागं म्हैस घेऊन थेट लॅबच्या दारात.

"तुमच्यासमोर काढतो. माजी म्हैस बेइमान न्हाई, सायब."

म्हशीनं व्हरांड्यात शेण टाकलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. दूध काढलं, तपासलं. एक नंबर निघालं.

"मामा, आता रोजच्यासारखा कॅन भरा."

मामांनी दूध ओतलं आणि कॅनच्या तोंडात दोन मोठी जांभळी, काटेरी बोंडं कोंबली. दूध हिंदकळू नये म्हणून सगळेच गवत नाहीतर कडब्याची पानं बूच म्हणून कोंबतात. ही बोंडं मी पहिल्यांदाच पाहिली.

"हे काय?"

"आर्टिचोक. भाचा शेतकी शिकायलाय परभणीला, त्यानं रोपं दिली. कवळ्या कळीची भाजी करतेत म्हणे. काट्यापायी कुनी खाईना, मग फुलली. वाया कशाला घालवायची?"

रोजच्याएवढा प्रवास व्हावा म्हणून मी त्यांना कॅन सायकलला बांधून देवगाव फाट्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. मामांनी म्हशीचं दावं साहेबांच्या हातात दिलं. "धरा. लय गरीब हाय."

दोन तासांनी मामा परतले. साहेब तसेच दावं धरून उभे. झाकण उघडलं, आत घट्ट दही. त्या फुलाच्या जांभळ्या तंतूंनी दूध गोठतं, परदेशात त्यावर चीज करतात, हे मी नंतर पुस्तकात वाचलं.

मामांचं नाव राहिलं. मला फार बरं वाटलं. मामा मात्र डोकं खाजवायला लागले.

"काय झालं?"

"तुमी परत केलेलं दूध आमी साखर घालून खाल्लं, सायब. खरवस म्हणून गल्लीत वाटलं. आता लोक विचारायलेत, तुमची म्हैस रोज व्यायलीय का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमचा संन्यासी चार पायांचा होता, एवढंच. तेव्हापासून मी दूध तपासण्याआधी बूच बघायचो.