परतीची तारीख

विमानतळावरच्या तिकीट खिडकीपाशी माझ्यापुढे एक काका उभे होते. त्यांचा भाऊ अत्यवस्थ होता आणि त्यांचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. खिडकीतली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, हे स्वस्तातलं तिकीट आहे, याची तारीख बदलत नाही. घरात कुणी गेलं असेल, तर मात्र दाखला दाखवून पैसे परत मिळतात."

"अजून आहे तो," काका म्हणाले.

तरुणपणी मीही असलीच तिकिटं काढायची आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचत बसणाऱ्या नवऱ्याला भित्रा म्हणायची. जणू आमची माणसं माझं तिकीट बघून, सोयीच्या दिवशीच आजारी पडणार होती. केवढी ती अक्कल.

काकांनी आजचं नवं तिकीट मागितलं. मुलीनं विचारलं, "आणि परतीची तारीख?"

काकांनी खिशातून पैशांचं पाकीट काढलं.

"कोणतीही घाल, पण बदलता येईल असंच तिकीट दे, महाग असलं तरी. नक्की तारीख सांगायची म्हणजे तेरावा धरून सांगायची. जिवंत माणसाचा तेरावा कसा धरू, बाळ?"